सोशलकॅम विकलं गेलं, विडी थांबलं: उसन्या गर्दीचा हिशेब

हिशेबनीस (धागाकर्ता)

मोबाइल व्हिडिओ ॲपच्या खरेदी-विक्रीचा विषय निघाला की गाडी थेट टिकटॉकवर येऊन थांबते. पण त्याच्या आधीचा एक छोटा डाव आहे. तो पूर्ण खेळून झालाय आणि सगळे पत्ते उघडे पडलेत, त्यामुळे शिकायला तोच बरा.

३ एप्रिल २०१२ ला इन्स्टाग्राम अँड्रॉइडवर आलं. ९ एप्रिलला फेसबुकने ते एक अब्ज डॉलरला घेत असल्याचं जाहीर केलं. १३ माणसांची कंपनी, तीन कोटी वापरकर्ते. त्या आठवड्यापासून गुंतवणूकदारांना 'व्हिडिओचं इन्स्टाग्राम' हवं झालं. दावेदार दोन होते. एक सॅन फ्रान्सिस्कोचं सोशलकॅम, जे थेट प्रक्षेपणाच्या जस्टिन.टीव्हीमधून फुटून निघालं होतं आणि ज्याचा प्रमुख मायकेल सायबेल होता. दुसरं लॉस एंजेलिसचं विडी: १५ सेकंदांची मर्यादा, वर फिल्टर, खाली संगीत. दोन्ही २०११ मध्ये आली, वर्षभर रांगली आणि २०१२ च्या वसंतात फेसबुक ॲपच्या यादीत एकदम शेंड्यावर जाऊन बसली. आकडे कोटींमध्ये.

मे २०१२ मध्ये विडीने तीन कोटी डॉलर उभे केले. कंपनीची किंमत सुमारे ३७ कोटी डॉलर धरल्याच्या बातम्या आल्या. जुलैमध्ये डिझाइनचं सॉफ्टवेअर करणाऱ्या ऑटोडेस्कने सोशलकॅम सहा कोटी डॉलरला घेतलं. तेव्हा 'फारच स्वस्तात गेले' असं म्हणणारे कमी नव्हते. फेब्रुवारी २०१३ मध्ये विडीच्या सीईओला जावं लागलं आणि मग माणसंही कमी झाली. नाव बदलून सुपरनोव्हा झालं. जानेवारी २०१४ मध्ये यूट्यूब वाहिन्या सांभाळणाऱ्या फुलस्क्रीनने ते घेतलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲप बंद केलं. सोशलकॅमही २०१५ मध्ये बंद झालं, पण तोवर विकणाऱ्यांचे पैसे कधीच खिशात गेले होते.

प्रश्न असा की ते ३७ कोटी कशावर उभे होते? आणि आलेख वर जात असतानाच ते ओळखता आलं असतं का?

---

पिंपळपार

आलं असतं. ती गर्दी ॲपची नव्हतीच, फेसबुकच्या फीडची होती.

फेसबुकने सप्टेंबर २०११ मध्ये नवा ओपन ग्राफ दाखवला आणि जानेवारी २०१२ मध्ये तो ॲपवाल्यांना मोकळा केला. तोवर शेअर करायचं तर माणसाला बटण दाबावं लागे. ओपन ग्राफमध्ये एकदा परवानगी दिली की पुढचं सगळं आपोआप. तुम्ही काही ऐकलं, वाचलं, पाहिलं की 'अमक्याने हा व्हिडिओ पाहिला' ही ओळ मित्रांपुढे हजर.

साखळी अशी फिरायची:

१. फीडमध्ये खेचून घेणारं चित्र आणि मित्राचं नाव दिसतं.
२. दाबल्यावर व्हिडिओ लागत नाही, आधी परवानगीची खिडकी उघडते.
३. होकार दिला की व्हिडिओ लागतो आणि त्याच क्षणी तुमच्या नावाची ओळ तुमच्या मित्रांच्या फीडमध्ये जाते.
४. मित्र क्रमांक एकपासून सुरू.

यात ॲप फोनवर उतरवायची गरजच नाही आणि स्वतः व्हिडिओ काढायची तर मुळीच नाही. सोशलकॅमवर फिरणारे बरेच व्हिडिओ वापरकर्त्यांनी काढलेले नव्हतेच, यूट्यूबवर आधीपासून गाजलेले होते. तरी मासिक वापरकर्त्यांच्या मोजणीत हा माणूस 'सोशलकॅमचा वापरकर्ता'. लग्नात वाट चुकून दुसऱ्याच्या मांडवात जेवून आलेल्यांनाही वऱ्हाडात मोजल्यासारखं.

फेसबुकने पुढे फीडमधलं या ओळींचं वजन कमी केलं आणि तो नळ बारीक झाला. व्हिडिओवाल्यांचंच नव्हे, वॉशिंग्टन पोस्टचं बातम्यांचं ॲप सोशल रीडरही याच वाटेने चढलं आणि याच वाटेने उतरलं.

---

कोथिंबीरवडी

पिंपळपार यांनी सांगितलेल्या गोष्टीचं गणित मांडते. आकडे कल्पित आहेत, पण प्रमाणं समजायला पुरेसे.

समजा रोज १ लाख नवी माणसं येतात आणि प्रत्येक जण त्याच दिवशी कायमचा जातो. एकही टिकत नाही. तरी ३० दिवसांनी एमएयू (महिन्याभरातले सक्रिय वापरकर्ते) ३० लाख! डीएयू (दिवसाचे सक्रिय वापरकर्ते) मात्र १ लाखच. डीएयू भागिले एमएयू केलं तर ३.३ टक्के येतं. म्हणजे हे गुणोत्तर तीन-चार टक्क्यांच्या आसपास असेल तर घडा भरत नाहीये, त्यातून पाणी नुसतं वाहून जातंय. रोज उघडायच्या ॲपचं गुणोत्तर २० टक्क्यांच्या खाली असेल तरी मी प्रश्न विचारायला सुरुवात करीन.

आता के-फॅक्टर, म्हणजे एका माणसामागे किती नवी माणसं येतात ते. एका वापरकर्त्यामागे जाणारी आमंत्रणं गुणिले त्यातून येणाऱ्यांचं प्रमाण. पाच आमंत्रणं आणि १२ टक्के आले, तर के ०.६. सुरुवातीच्या १००० जणांमागे शेवटी एकूण २५०० होतात (१००० भागिले ०.४) आणि गाडी थांबते. के १.२ असेल तर पाच फेऱ्यांनंतर प्रत्येक फेरीत येणारे १००० चे सुमारे २४९० झालेले असतात आणि गाडी धावतच राहते.

पण सगळे के बघतात आणि फेरीचा वेळ विसरतात. फेरी दोन दिवसांची असेल तर हे दहा दिवसांत घडतं, आठवड्याची असेल तर ३५ दिवसांत. ओपन ग्राफने फेरी काही मिनिटांवर आणली होती. म्हणून आलेख भिंतीसारखा उभा दिसला. आणि त्याच कारणाने तो संपलाही लवकर, कारण मित्रमंडळ मर्यादित असतं. ज्याने होकार दिला त्याचे बहुतेक मित्र आधीच खिडकी पाहून आलेले. के आपोआप एकच्या खाली घसरतो. फेसबुकने काही केलं नसतं तरी ते होणारच होतं, फक्त थोडं उशिरा.

---

बाराबंदी

कोथिंबीरवडीताई, गणित मान्य. पण मग इन्स्टाग्रामही ट्विटर आणि फेसबुकवरच्या शेअरवरच वाढलं की. ते का नाही कोसळलं?

---

कोथिंबीरवडी

कारण फोटो काढणारा मुळात इन्स्टाग्रामच्या आत होता. बाहेर जाणारी प्रत्येक लिंक एका खऱ्या कामाची पावती होती: कुणीतरी कॅमेरा उघडला, फिल्टर लावला, चार शब्द लिहिले. सोशलकॅमच्या ओळीमागे नुसतं पाहणं होतं. पाहण्याला श्रम नाहीत, म्हणून ओळी अमाप आणि म्हणूनच त्यांना किंमत नाही.

विकत घेणाऱ्याने इथे एकच कोष्टक मागावं. आठवड्याप्रमाणे आलेल्यांच्या तुकड्या उभ्या लावा. पुढच्या रकान्यांत पहिल्या, सातव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी किती उरले ते. मग आलेल्या वाटेनुसार हेच कोष्टक फोडा: फीडमधून, स्टोअरच्या शोधातून, मित्राच्या थेट लिंकमधून, जाहिरातीतून. ३०, १२, ५ आणि पुढे पाचवरच आडवी झालेली रेघ चालेल. १२, ३, अर्धा टक्का आणि पुढे शून्याकडे, तर उद्या आणखी एक कोटी आणा, काही फरक पडत नाही. तयार डॅशबोर्ड स्वीकारू नका, कच्च्या नोंदी मागा. 'सक्रिय' शब्दाची व्याख्या लेखी घ्या, कारण कित्येक ठिकाणी नोटिफिकेशन फोनवर पोहोचलं तरी माणूस सक्रिय धरतात.

---

पिंपळपार

त्यात एक भर. स्वतःच्या कॅमेऱ्यातून काढलेले व्हिडिओ आणि बाहेरून आणलेले व्हिडिओ वेगळे मोजा. आणि त्यातही दुसरा व्हिडिओ टाकणारे किती ते बघा. पहिला सगळेच गंमत म्हणून टाकतात.

अवांतर: जस्टिन.टीव्हीचं दुसरं पोर म्हणजे गेमचं थेट प्रक्षेपण दाखवणारं ट्विच. एकाच घरातून २०११ मध्येच निघालं. त्याने फीडमध्ये ओळी टाकल्या नाहीत. गेम बघायला येणारा मुद्दाम यायचा आणि तासन् तास बसायचा. २०१४ मध्ये ॲमेझॉनने ते सुमारे ९७ कोटी डॉलरला घेतलं.

---

मृगजळ

वाइनचं, म्हणजे सहा सेकंदांच्या व्हिडिओवाल्या ॲपचं, नाव अजून कुणी काढलं नाही? दुसऱ्याच्या फीडवर घर बांधलं की काय होतं, त्याचा कागदोपत्री पुरावा तिथे आहे.

वाइन जून २०१२ मध्ये सुरू झालं आणि ऑक्टोबरमध्ये ट्विटरने ते घेतलं, तेही बाजारात यायच्या आधी. तीन कोटी डॉलरचा आकडा छापून आला होता. २४ जानेवारी २०१३ ला ॲप आलं आणि त्याच दिवशी फेसबुकने 'फेसबुकवरचे मित्र शोधा' ही त्याची वाट बंद केली. आतला पत्रव्यवहार डिसेंबर २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीने उघड केला. अधिकाऱ्याने विचारलं, बंद करू का? झुकरबर्गचं उत्तर जेमतेम चार शब्दांचं, होकाराचं.

तरी वाइन वाढलं, कारण त्याच्याकडे ट्विटरची फीड होती. सहा सेकंद, बोट दाबून ठेवलं तरच चित्रीकरण, आणि संपला की आपोआप पुन्हा सुरू. ते पुन्हा सुरू होणं फार महत्त्वाचं होतं. सहा सेकंदांचा विनोद एकदा पाहून पुरत नाही, शेवट सुरुवातीला जोडून घेतला की तिसऱ्या वेळी आणखी हसू येतं. २० जून २०१३ ला इन्स्टाग्रामने १५ सेकंदांचा व्हिडिओ आणला आणि वाइनच्या हातातलं वेगळेपण निम्मं गेलं.

मारलं मात्र इन्स्टाग्रामने नाही. व्हिडिओ करणाऱ्यांना कमाईची सोयच नव्हती. २०१५ मध्ये अठरा मोठ्या वाइनकरांनी कंपनीपुढे प्रस्ताव ठेवला: प्रत्येकी १२ लाख डॉलर आणि काही सुधारणा द्या, आम्ही महिन्याला बारा वाइन करू. बोलणी फिसकटली, मंडळी यूट्यूब-इन्स्टाग्रामकडे गेली. २७ ऑक्टोबर २०१६ ला बंद करण्याची घोषणा झाली.

---

हिशेबनीस

म्हणजे विडीला वाट देणारं फेसबुक, आणि वाइनची अडवणारंही फेसबुकच. मग जे टिकलं त्याने वेगळं काय केलं? गाण्यावर ओठ हलवून व्हिडिओ करायचं, पुढे टिकटॉकमध्ये मिसळलेलं म्युझिकली?

---

रांजणभर_पाणी

म्युझिकलीचं वेगळेपण त्याच्या सुरुवातीच्या मंदपणात आहे. ॲलेक्स झू आणि लुयू यांग यांनी शांघायमध्ये आधी शिक्षणाचं ॲप केलं होतं, छोटे शैक्षणिक व्हिडिओ. चाललं नाही. उरल्यासुरल्या पैशांत २०१४ मध्ये हे काढलं. कित्येक महिने दिवसाला पाचशेच्या आसपास डाउनलोड. पण आलेला टिकत होता, म्हणून बंद केलं नाही. सोशलकॅमच्या बरोबर उलट.

मग त्यांना दिसलं की दर गुरुवारी संध्याकाळी अमेरिकेत डाउनलोड उसळतात. त्या वेळी टीव्हीवर लिप सिंक बॅटल (गाण्यावर नुसते ओठ हलवायची स्पर्धा) लागायचं आणि मुलं ॲप स्टोअरमध्ये ते शब्द शोधायची. शोधात वर येण्याची सोय नीट केली. दुसरं म्हणजे वॉटरमार्क, व्हिडिओवर उमटवलेली ॲपच्या नावाची खूण. म्युझिकलीचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर जाताना चौकोनात कापले जात आणि त्यात नाव उडून जाई. त्यांनी नाव कापल्या न जाणाऱ्या जागी आणलं. जुलै २०१५ मध्ये ते अमेरिकेच्या ॲप स्टोअरमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं.

इथेही गर्दी दुसऱ्याच्या फीडमधूनच आली हे खरं. पण ती आणायला फीडच्या मालकाची परवानगी लागली नाही. नाव व्हिडिओच्या पिक्सेलमध्येच होतं. एपीआय (एका ॲपला दुसऱ्यात शिरू देणारं दार) बंद करता येतो, पिक्सेल बंद करायला फार वेळ लागतो. इन्स्टाग्रामने तेही शेवटी केलंच म्हणा: फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की दुसऱ्या ॲपची खूण दिसणारी रील्स कमी सुचवली जातील.

---

कळलावी

वॉटरमार्क करणाऱ्यांसाठी, कारण यात नेहमी त्याच चुका होतात:

खूण अगदी काठाला लावू नका. उभा ९:१६ व्हिडिओ चौकोनी कापला की वरचा-खालचा मिळून ४४ टक्के भाग जातो. १०८० × १९२० च्या चौकटीत मधले १०८० पिक्सेलच उरतात, म्हणजे वरून ४२० आणि खालून ४२०. खूण या मधल्या पट्ट्यात हवी.

एकाच कोपऱ्यात ठेवली तर लोक कापून टाकतात किंवा पुसून टाकतात. टिकटॉकची खूण जागा बदलते ती उगीच नाही. खुणेबरोबर व्हिडिओ करणाऱ्याचं नावही टाका. नुसता लोगो जाहिरात वाटतो आणि लोक तो काढायच्या मागे लागतात. स्वतःचं नाव असलं की व्हिडिओ करणाराच ते जपतो.

खूण फोनवरच, सेव्ह करताना व्हिडिओत पक्की उमटवा, सर्व्हरवर नको. सर्व्हरवर केलं तर प्रत्येक सेव्हला पुन्हा एन्कोडिंग (व्हिडिओ नव्याने बांधणं), म्हणजे खर्च आणि वाट बघणं. स्वस्त फोनवर १५ सेकंदांच्या व्हिडिओला पाच-सात सेकंद लागू शकतात, तेवढा वेळ पट्टी दाखवा. २०१२ मध्ये हे अवघड होतं. फोनच्या चिपकडून व्हिडिओ बांधून घेऊ देणारं मीडियाकोडेक अँड्रॉइडमध्ये ४.१ पासून आलं, म्हणजे त्याच वर्षाच्या जुलैत. त्याआधी एफएफएमपेग (व्हिडिओ रूपांतराचं मोफत सॉफ्टवेअर) ॲपमध्ये कोंबून सीपीयूवर दळण दळावं लागे आणि फोन तव्यासारखा तापे. त्या पिढीतली बहुतेक ॲप आयफोनवर आधी का आली याचं निम्मं उत्तर इथे आहे.

---

बाराबंदी

कळलावी, उत्तम. फाइलच्या मांडणीबद्दलही लिहा ना, नव्या ॲपमध्ये व्हिडिओ अडकत अडकत सुरू होतो तो का?

---

कळलावी

बहुतेक वेळा मूव्ह अ‍ॅटम शेवटी असतो म्हणून. एमपी४ मध्ये कोणती फ्रेम कुठे आहे त्याची अनुक्रमणिका म्हणजे मूव्ह. फोनचा कॅमेरा ती शेवटी लिहितो, कारण चित्रीकरण संपेपर्यंत त्याला ती माहीत नसते. तशीच फाइल वाटली तर प्लेअरला अनुक्रमणिकेसाठी शेवटापर्यंत जावं लागतं. एफएफएमपेगमध्ये फास्टस्टार्टचा पर्याय लावला की ती पुढे येते. एका ओळीचं काम.

पुढचे दोन-तीन व्हिडिओ आधी आणून ठेवा, पण पूर्ण नाही, पहिले दोन सेकंदच. नाहीतर बिल बघून डोळे पांढरे होतील. हिशेब असा: सेकंदाला १ मेगाबिटचा व्हिडिओ, माणूस ४० मिनिटं बघतो, म्हणजे २४०० सेकंद, २४०० मेगाबिट, ३०० मेगाबाइट. १ लाख रोजचे वापरकर्ते म्हणजे दिवसाला ३० टेराबाइट, महिन्याला ९००. दर जीबीला १ रुपया धरला तरी महिन्याला ९ लाख रुपये. पूर्ण व्हिडिओ आधी आणले आणि लोकांनी निम्म्यावरच सरकवले, तर न पाहिलेल्या व्हिडिओंचेही पैसे भरताय.

चढवताना उलटी युक्ती. इन्स्टाग्राम सुरुवातीपासून करत आलंय: माणूस ओळी लिहीत असतो तेव्हाच मागे अपलोड सुरू. 'पोस्ट' दाबेपर्यंत काम बरंचसं झालेलं. रद्द केलं तर सर्व्हरवरून पुसायला विसरू नका.

---

मृगजळ

भारतात हाच खेळ २०२० मध्ये झाला, फक्त नळ सोडणारं यावेळी सरकार होतं. २९ जूनला ५९ ॲप बंद झाली. टिकटॉकचे इथले वापरकर्ते २० कोटींच्या वर सांगितले जात होते. ते रातोरात मोकळे झाले.

शेअरचॅटने दोन दिवसांत मोज काढलं. एमएक्सचं टकाटक जुलैतच आलं. डेलीहंटवाल्यांचं जोश, आधीपासूनचं चिंगारी, आणि रोपोसो, जे २०१४ मध्ये फॅशनचं समाजमाध्यम म्हणून सुरू झालं होतं आणि २०१९ मध्ये इनमोबीच्या ग्लान्सने घेतलं होतं. मित्रों तर बंदीच्या आधीच गाजलं होतं. त्याचा कोड पाकिस्तानातल्या एका कंपनीने बनवलेली, बाजारात ३४ डॉलरला मिळणारी तयार प्रत निघाली. गुगलने ते जूनच्या सुरुवातीला काही काळ प्ले स्टोअरवरून उतरवलं होतं. ३४ डॉलरमध्ये पडदा, बटणं, कॅमेरा सगळं मिळतं. काय सुचवायचं ते ठरवणारी यंत्रणा त्यात नसते, आणि माणूस टिकतो तो तिच्यामुळे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये मोजने टकाटक घेतलं. रोख आणि शेअर मिळून साठ कोटी डॉलरच्या वरचा आकडा बातम्यांत होता, आणि दोन्ही मिळून ३० कोटींहून अधिक मासिक वापरकर्ते असा दावा. कोथिंबीरवडीताईंचा प्रश्न इथे विचारावासा वाटतो: दोन्हीकडे तीच माणसं किती? दोन एमएयूंची बेरीज हा एकत्रीकरणातला सगळ्यात फुगीर आकडा. फोनच्या ओळखीने जुळवून दुहेरी नावं काढल्याशिवाय तो धरू नये.

---

रांजणभर_पाणी

भारतातल्या ॲपना भाषेचा एक फास आहे, तो अमेरिकेतल्या विडी-सोशलकॅमला नव्हता. पहिल्या पडद्यावर 'मराठी' निवडलं तरी फीडमध्ये हिंदी येतं. कारण सोपं: दोन्ही देवनागरी. लिपीवरून भाषा ओळखणारी यंत्रणा इथे आंधळी. शब्दांवर जावं लागतं, 'आहे', 'नाही', 'आणि', 'ळ' असलेले शब्द. त्यात निम्म्या ओळी रोमनमध्ये लिहिलेल्या आणि गाणं हिंदी, पण बोलणारी बाई साताऱ्याची. लेखी मजकूर, आवाज आणि 'ही माणसं आधी काय बघतात' या तिन्हींचं मत घेऊनच भाषा ठरवावी.

पहिल्या दिवशीच्या पहिल्या दहा व्हिडिओंवर सगळं ठरतं. तिथे यंत्रावर सोडू नका. प्रत्येक भाषेला माणसाने निवडलेले दोन-तीनशे व्हिडिओ ठेवा, दर आठवड्याला बदला. म्युझिकलीनेही सुरुवातीला मोजक्या लोकांना पुढे आणून त्यांना मोठं केलं होतं. बाहेरून आयते तारे आणले नव्हते. विडीकडे जस्टिन बीबर, स्नूप डॉग होते. त्यांचे चाहते आले, त्यांना बघितलं आणि गेले.

---

हिशेबनीस

आता व्यवहाराकडे. सहा कोटी आणि ३७ कोटी यांची तुलनाच चूक आहे असं माझं मत होत चाललंय. एक हातात आलेले पैसे, दुसरी कागदावरची किंमत.

---

बाराबंदी

अगदी बरोबर, हिशेबनीसराव. यातला सापळा लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे विक्रीच्या पैशावर गुंतवणूकदाराचा पहिला हक्क. रुपयांत सांगतो.

गुंतवणूकदाराने ३० कोटी घातले, कंपनीची किंमत ३०० कोटी धरली, म्हणजे त्याचा हिस्सा १० टक्के. करारात एकपट प्रेफरन्स. पुढे कंपनी ४० कोटींना विकली. संस्थापकाला वाटतं, ९० टक्के माझे म्हणजे ३६ कोटी. प्रत्यक्षात आधी गुंतवणूकदाराचे ३० निघतात आणि उरतात १०. प्रेफरन्स सहभागी प्रकारचा असेल तर त्या १० मधलाही दहावा हिस्सा तो घेतो, हातात ९. त्यातून वकील, दलाल, कर्मचाऱ्यांचे शेअर. आणि २५ कोटींना विकली तर संस्थापकाला शून्य.

म्हणून मोठी किंमत लावून घेताना तुम्ही विक्रीचा तळही वर उचलता. सहा कोटींचा प्रस्ताव कमी पैसे उभारलेल्या मूठभर माणसांच्या सोशलकॅमला गोड लागतो. ३७ कोटींचा शिक्का बसलेल्या कंपनीच्या संचालकांपुढे तोच आकडा घेऊन जाता येत नाही. विडीने पुढे गुंतवणुकीतला मोठा भाग परत केला. उशिरा का होईना, ते शहाणपणाचं होतं: डोक्यावरचा प्रेफरन्स उतरला की छोटी विक्री शक्य होते.

किंमत कशात मिळते तेही बघा. इन्स्टाग्रामचा एक अब्ज म्हणजे ३० कोटी डॉलर रोख आणि सुमारे २.३ कोटी फेसबुक शेअर. सप्टेंबर २०१२ मध्ये व्यवहार पुरा होईपर्यंत शेअर घसरला होता आणि एकूण किंमत ७१.५ कोटींच्या आसपास भरली. शेअर पुढे कुठे गेला ते सगळ्यांना माहीत आहे, पण सही करताना ते कुणाला माहीत नव्हतं. ज्याचा शेअर बाजारातच नाही अशा कंपनीकडून शेअर घेताना तर दहादा विचार करा, विकायचे कुठे?

बाकी नेहमीचं: दहा-पंधरा टक्के रक्कम एस्क्रोमध्ये (तिऱ्हाइताकडच्या खात्यात) वर्ष-दीड वर्ष अडकते. संस्थापकाच्या पैशातला भाग नोकरीत राहण्याशी बांधतात. 'पुढे आकडा गाठला तर आणखी देऊ' अशी अट असेल तर तो आकडा तुमच्या हातातला असू द्या. एमएयूवर बांधून घेऊ नका. ॲप नव्या मालकाच्या ॲपमध्ये विलीन झालं की तुमचं एमएयू मोजणार कोण?

---

मृगजळ

विकत घेणाऱ्याच्या बाजूने एक. माल घेताना जुनी पापंही येतात. टिकटॉकवाल्या बाइटडान्सने नोव्हेंबर २०१७ मध्ये म्युझिकली घेतलं आणि २ ऑगस्ट २०१८ ला ते टिकटॉकमध्ये मिसळलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तेरा वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या संमतीविना घेतल्याबद्दल ५७ लाख डॉलरचा दंड लावला. मुळात तो म्युझिकलीच्या काळातल्या वागण्याचा. त्याच खरेदीला अमेरिकी सुरक्षा तपासणीची मंजुरी आधी घेतली नव्हती, म्हणून २०१९ मध्ये ती मागे जाऊन तपासायला घेतली गेली. पुढची सगळी टिकटॉक लढाई त्या धाग्यावरून ओढली गेली.

संगीताचे करार वेगळे वाचा. बहुतेकांत मालकी बदलली तर संमती लागते. ती नसेल तर विक्रीच्या दुसऱ्या दिवशी गाण्यांशिवायचं गाण्याचं ॲप हातात येतं.

---

कळलावी

आणि सही झाल्यावरचं हमाली काम, ज्यात वापरकर्ते खरोखर हरवतात.

आयफोनचं ॲप एका खात्यातून दुसऱ्यात हलवता येतं. बंडल आयडी (ॲपची ओळख), रेटिंग, परीक्षणं राहतात. पण टीम आयडी (मालकाच्या खात्याचा क्रमांक) बदलतो. त्यामुळे नव्या मालकाची पहिली आवृत्ती उतरली की कीचेनमध्ये (आयफोनच्या पासवर्डांच्या तिजोरीत) ठेवलेलं लॉगिन वाचता येत नाही आणि सगळे बाहेर फेकले जातात. ज्यांना पासवर्ड आठवत नाही ते परत येत नाहीत. उपाय: विक्रीच्या आधी, जुन्या खात्यातूनच एक आवृत्ती काढा जी लॉगिनची खूण कीचेनऐवजी ॲपच्या स्वतःच्या साठ्यात, कूटबद्ध करून ठेवते. बहुतेक लोकांकडे ती पोहोचली की मगच हस्तांतरण करा. पुश नोटिफिकेशनची नवी किल्लीही सर्व्हरवर टाकायची असते, ती राहिली की फोन गप्प.

अँड्रॉइडवर तेवढा त्रास नाही. पॅकेजचं नाव आणि सहीची किल्ली तीच राहते; दोन्ही प्ले खात्यांच्या नोंदणी शुल्काचा व्यवहार क्रमांक मात्र शोधून ठेवा. तो नेमका सोडून गेलेल्या कुणाच्या तरी ईमेलमध्ये असतो.

---

बाराबंदी

'साइन इन विथ ॲपल' वाल्यांचं, म्हणजे ॲपलच्या खात्याने लॉगिन करणाऱ्यांचं काय? त्यांचा तर ओळख क्रमांकच टीमनुसार वेगळा असतो ना?

---

कळलावी

हो. जुन्या टीमने प्रत्येक वापरकर्त्यासाठी हस्तांतरण क्रमांक काढून द्यायचा, नव्या टीमने तो वापरून नवा क्रमांक घ्यायचा. मुदत हस्तांतरण स्वीकारल्यापासून ६० दिवस. जुन्या टीमचे क्रमांक आधीच काढून ठेवा, कारण विक्रीनंतर ते काम करायला तिथे माणूस उरलेला नसतो. आणि ज्यांनी ॲपलचा लपवलेला ईमेल दिलाय त्यांना पत्र पाठवायचं तर नव्या खात्यात पाठवणारं डोमेन पुन्हा नोंदवा, नाहीतर सगळी पत्रं वाटेतच अडकतील.